हात बसेपर्यंत

मामा,

तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला दोन ओळी लिहाव्यात असं मला कधी वाटलं नाही. सासऱ्याला कोण पत्र लिहितं? तुम्ही होतात तेव्हा तुमच्याशी समोर उभं राहून बोलायची पद्धत नव्हती, मग आता लिहून काय मोठा उजेड पडणार आहे. पण आज दुपारी मी एकटी आहे, खांदा ठणकतो आहे आणि ज्या माणसाशी मला भांडायचं आहे ते तुम्हीच आहात. दुसऱ्या कुणाशी भांडले तर ते उलटून बोलतील, तेवढी ताकद आज माझ्यात नाही.

मी बसले आहे ती खोली चाकांवर आहे. तुम्ही पाहिली असती तर म्हणाला असतात, ट्रॉलीवर घर कुणी बांधलं. आत पलंग आहे, ओटा आहे, संडास आहे, खिडकीला पडदे आहेत. कॅराव्हॅन म्हणतात तिला. तिला स्वतःचं इंजिन नाही, पुढं मोठी डिझेल गाडी लावून ओढावी लागते. तुमच्या मुलानं कंपनी सोडल्यावर दोन वर्षांपूर्वी ही घेतली. पुण्या-मुंबईची कुटुंबं बुकिंग करतात, आम्ही ती वेरूळच्या बाजूला नाहीतर पैठणला धरणाच्या काठाजवळ नेऊन उभी करतो, माणसं दोन दिवस राहतात, मग आम्ही ती परत ओढून शहरात, घराजवळ पुंडलिकनगरात आणतो आणि गल्लीच्या टोकाला जो मोकळा प्लॉट आहे तिथं लावतो. बुकिंग तुमचा मुलगा घेतो, ओढते मी. त्याला सरळ रस्त्यावर जमतं, पण मागं घ्यायची म्हटली की त्याला घाम फुटतो. आणि प्लॉटमध्ये मागं घेतल्याशिवाय ती जातच नाही, कारण तोंड एकच आहे आणि त्या तोंडाशी विजेचा खांब.

दसऱ्यापासून माझा डावा खांदा आखडला. हात वर जात नाही, मान वळवून मागं बघता येत नाही. डॉक्टर म्हणतात सहा महिने लागतील, कदाचित वर्ष. म्हणजे अख्खा हंगाम. म्हणून गेले पाच आठवडे मी तुमच्या नातीला ओढायला शिकवते आहे. ती आता तेवीस वर्षांची आहे. इंजिनियर झाली. पुण्याच्या एका कंपनीनं तिला बोलावलं आहे आणि शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. आज गुरुवार. ती म्हणाली, "आई, मागे घेणारा माणूस मिळाला की मी त्याच दिवशी निघते. नाही मिळाला तर मी आहे, तू काळजी करू नकोस." आम्ही माणूस शोधला. तिघे येऊन गेले, तिघांनाही जमलं नाही. असं आहे सगळं. ती अडकली आहे, तिच्यामुळं मी आणि माझ्यामुळं ती.

तुम्ही मला शिकवलंत तेव्हा मी तिच्याएवढीच होते. लग्न होऊन आठ महिने झाले होते. तुमचा मुलगा वाळूजला कंपनीत, चौघांत एक खोली करून राहायचा आणि पंधरा दिवसांनी गावी पाचोडला यायचा. मी आत्याबाईंच्या हाताखाली स्वयंपाकघरात. त्या स्वयंपाकघराला खिडकी होती, पण ती गोठ्याकडं उघडायची, त्यामुळं दिवसभर माझ्या समोर म्हशीचं बूड. तुम्ही ट्रॅक्टर-ट्रॉलीवर लोकांची मोसंबी वाहायचात, विटा वाहायचात, उसाच्या दिवसांत ऊस. जेवायला बसलात की डावीकडं ठेवलेला तांब्या तुम्हाला सापडायचा नाही, हातानं चाचपायचात. ते आधी मीच ओळखलं. काचबिंदू होता. समोरचं दिसायचं, बाजूचं गेलं होतं. एकदा ट्रॉली बाजाराच्या ओट्यावर घातलीत आणि घरी येऊन सांगितलंत की ब्रेकनं दगा दिला. त्याच आठवड्यात तुम्ही उंबऱ्यापाशी येऊन, भिंतीकडं तोंड करून बोललात, "सूनबाईला म्हणावं, उद्या दुपारी बाजारतळावर यायचं. आन् हे गडी माणसाला सांगायचं नाय." गडी माणूस म्हणजे तुमचा मुलगा. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला, पण त्यासुद्धा गप्प राहिल्या, कारण दुसरा इलाजच नव्हता.

आठवड्यातला बाजाराचा दिवस सोडला तर ते मैदान रिकामं असायचं. भाजीवाल्यांनी आपापल्या जागेला दगड लावून ठेवलेले असतात, दोन रांगा, मध्ये ट्रॉलीपेक्षा हातभर जास्त जागा. तिथं तुम्ही मला ट्रॅक्टरवर बसवून ट्रॉली मागं घ्यायला लावायचात. मला आजही ते आठवतं तेव्हा मी तिथंच बसलेली असते. सीट तापलेली आहे, लुगड्याचा काठ क्लचमध्ये अडकू नये म्हणून मांडीखाली दाबून धरला आहे, तुम्ही मागं उभे आहात. "स्टेरिंग वरून नगं धरू. खालून धर. ट्रॉलीचं बूड ज्या अंगाला न्यायचं त्या अंगाला हात ने." मी हात नेते, ट्रॉली उलटीकडंच जाते, दुमडते, ट्रॅक्टरचं चाक तिच्या कडेला घासायला येतं. "पुढं घे. पुढं घ्यायला कसली लाज? सरळ कर आन् पुन्हा ये." असं दहादा, वीसदा. तुम्ही कधी चिडला नाहीत, हे मला कबूल केलं पाहिजे. चिडायची मीच, आणि चिडलेलं दाखवायची सोय नव्हती.

कारण डोक्यावर पदर होता. सासऱ्यासमोर सुनेचा चेहरा दिसायचा नाही, आणि तुम्ही तर मागंच उभे, म्हणजे मान वळवली की तुमच्याच तोंडाकडं बघावं लागणार. म्हणून मी मान अर्धीच वळवायची. पदराच्या कडेखालून जेवढी जमीन दिसेल तेवढी बघायची आणि तुमचे पाय शोधायची. चौथ्या का पाचव्या दिवशी पाय दिसले नाहीत. मला वाटलं तुम्ही बाजूला झालात. तुम्ही झाला नव्हतात. तुम्ही ट्रॉली आणि बाजाराचा ओटा यांच्या मध्ये उभे होतात, आणि तुम्हाला बाजूचं दिसत नसल्यानं ओटा इतका जवळ आहे हे तुम्हालाच कळलं नव्हतं. मी मागं घेत राहिले. मग ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर दोन्ही हातांनी धडाधडा वाजवल्याचा आवाज आला आणि मी ब्रेकवर उभी राहिले. उतरून धावत आले तर तुमच्या पोटात आणि फाळक्यात चार बोटांचं अंतर, पाठ ओट्याला टेकलेली. ट्रॉली पुढं घेईपर्यंत तुम्ही तिथंच अडकून. बाहेर आलात, धोतर झटकलंत आणि पहिल्यांदा माझ्याशी माझ्याकडं बघून बोललात. "आगं बाई, त्या पदरापायी तुला मी दिसंना. मला तर तसं बी दिसंना. दोघं आंधळे आसल्यावर कसं व्हायचं? घे खाली तो." मी पदर खांद्यावर घेतला. तुमचा चेहरा मी आठ महिन्यांत पहिल्यांदा नीट पाहिला. तुमच्या हनुवटीवर तीळ होता, हे मला माहीतच नव्हतं. "सासरा मारला म्हून नाव निघालं आसतं तुझं," म्हणालात आणि हसलात. त्या दिवसापासून ट्रॅक्टरवर माझ्या डोक्यावर पदर नसायचा आणि गावानं काय म्हणायचं ते म्हणून घेतलं.

तेव्हा मला वाटलं, सुटले. खरंच वाटलं, आणि ते खोटं नव्हतं. पैठणच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी मोसंबीच्या बागा, मागं भरलेली ट्रॉली आणि ट्रॅक्टरच्या आवाजात मी मोठ्यानं गाणी म्हणायची, कुणाला ऐकू जायचं नाही. तुमची नात पोटात असताना सातव्या महिन्यापर्यंत मी ट्रॅक्टर चालवला. तसलं सुख मला पुन्हा मिळालेलं नाही. पण मामा, दर दिवाळीला तुमचा मुलगा म्हणायचा की आता शहरात खोली बघतो, बायकोला घेऊन जातो, आणि दर दिवाळीला तुम्ही म्हणायचात, "हंगाम जाऊ दे. तिचा हात आजून बसला नाय, आन् दुसरं कोण हाय मला?" ड्रायव्हर आणून बघितले तर तुम्ही एका फेरीत परत लावायचात. "हात जड हाय त्याचा." मी ऐकायची आणि फुशारून जायची. नऊ वर्षं. माझी मुलगी बापाला पंधरा दिवसांनी येणारा पाहुणा समजायची. तुम्ही गेलात तेव्हा मी मोसंबी घेऊन जालन्याला गेले होते, परत आले तेव्हा तुम्हाला अंगणात आणून ठेवलं होतं. मी रडले. आणि रडता रडता मनात आलं, आता मला जाता येईल. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तुमच्याशी भांडण आहे ते हेच की तुम्ही मला एका खोलीतून काढून दुसरीत ठेवलंत. दुसरी हवेशीर होती, एवढाच फरक.

आणि अजून एक. तुम्ही मला एक गोष्ट चुकीची शिकवलीत, म्हणजे तुमच्यापुरती बरोबर आणि माझ्यापुरती चुकीची. "बोजा मागं ठेव. पुढं ठेवला की ट्रॅक्टरचं नाकाड उचलतं." चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचललेली मी डोळ्यांनी पाहिली होती, त्यामुळं ते माझ्या हाडात बसलं. कॅराव्हॅन आली तेव्हा मी पाण्याच्या टाक्या, जनरेटर, गॅसची टाकी, सगळं मागच्या टोकाला नेऊन बांधलं. सोबत पुस्तक आलं होतं, ते तुमच्या मुलानं कपाटात ठेवलं आणि मी विचारलं नाही. मला काय शिकवतंय पुस्तक! सोलापूरच्या हायवेवर आडूळच्या पुढं उतार लागला, एक ट्रक आमच्या बाजूनं वेगात पुढं गेला आणि त्याच्या वाऱ्यानं मागची खोली हलली. आधी थोडी, मग जास्त, मग ती आमच्या गाडीचं शेपूट धरून डावीकडं-उजवीकडं ओढायला लागली. आरशात कधी तिची एक भिंत दिसायची, कधी दुसरी. तुमचा मुलगा शेजारून ओरडत होता, "ब्रेक मार, ब्रेक मार!" मी ब्रेक मारला नाही. शहाणपणानं नाही, भीतीनं पायच गोठला होता. ॲक्सिलरेटरवरून पाय निघाला आणि कुठंच गेला नाही, स्टीअरिंग मी सरळ धरून ठेवलं कारण हात हलत नव्हते. वेग आपोआप उतरला, हेलकावे कमी झाले, थांबलो. नंतर पुस्तक वाचलं तर तिथं नेमकं हेच लिहिलेलं. ब्रेक मारला असता तर उलटलो असतो. आणि बोजा मागं ठेवला की असंच होतं, हेही लिहिलेलं. मग मोसंबीच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर हुकाकडची बाजू टेकवून वजन केलं, जड सामान चाकांच्या थोडं पुढं आणलं, दोन साखळ्या हुकाखालून एकमेकींवर आडव्या घातल्या आणि दर वेळी निघायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारायची सवय लावून घेतली. तुमच्या नातीला मी पहिल्या दिवशी हेच शिकवलं, आधी वजन, मग साखळ्या, मग फेरी, मग स्टीअरिंग. तुमचं नाव घेऊन शिव्या पण घातल्या थोड्या.

ती शिकली कशी ते सांगते. गेल्या आठवड्यात मी तिला गुलमंडीच्या बाजारात नेऊन अडकवलं. चूक सगळी माझी. पडद्यांचं कापड शिवून तयार होतं आणि मला वाटलं सकाळी गर्दी व्हायच्या आत कोपऱ्यावर गाडी थांबवून घेऊ. ती म्हणाली, "आई, खोली सोडून जाऊ या ना, नुसती गाडी नेऊ." मी म्हणाले, "मी पंचवीस वर्षं ओढते आहे, मला सांगू नको." कोपऱ्यावर जागा नव्हती, मी म्हणाले आत घे, पुढून वळून निघू. पुढं रस्ता खोदलेला. दोन्ही बाजूंना स्कूटर, वर तारा, दुकानांबाहेर कपडे घातलेले पुतळे, आणि आमच्यामागं दोन मिनिटांत रिक्षांची रांग. टोप्यांच्या दुकानातले एक चाचा बाहेर आले, चष्मा वर करून आमच्याकडं बघत राहिले. "बाई, ये घर लेके किधर आये तुम? आगे तो पाइप डालरे. पीछेच लेना पडता अब." मग त्यांनीच रिक्षावाल्यांना शिव्या देऊन मागं हटवलं, आपल्या दुकानाचं पाल गुंडाळलं, आणि बांबूनं तार उचलून धरली.

मी उतरले आणि मागं जाऊन उभी राहिले, तुम्ही राहायचात तशी. ओट्याची आठवण होती, म्हणून दोन्ही बाजू आधी बघून घेतल्या. थांब म्हणायला दोन्ही हात वर करायचे, तर डावा हात वर जाईना. मी ओरडत होते, उजवा हात हलवत होते. अर्ध्या गल्लीपर्यंत आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती माझ्याकडं बघतच नाही. ती आरशात बघत होती. शंका आली की गाडी थांबवायची, उतरायची, मागं येऊन स्वतः बघायची, माझ्या शेजारून जायची, परत जाऊन बसायची. दुमडायला लागली की शांतपणे पुढं घ्यायची. लाज नाही, घाई नाही, लोक हॉर्न वाजवत होते तरी मान वर नाही. एका पुतळ्याची बाही सुद्धा तिनं हलवली नाही. चाचा म्हणाले, "माशाल्ला, पोरीचा हात लई साफ हाय. कुणी शिकिवलं?" मी म्हणाले, मी. पण माझ्याकडून घेण्यासारखं तिनं सगळं घेतलं होतं, आणि मी रस्त्यात उभी राहून एक हात हलवत होते, कुणासाठीच नाही.

घरी आल्यावर ती म्हणाली, "बसला का गं माझा हात?" मी म्हणाले, "बसेल हळूहळू."

मामा, मी वाईट बाई नाही. ती गेली तर हा धंदा बंद पडतो, तुमचा मुलगा दिवसभर घरात फोन धरून बसतो आणि मी पुन्हा स्वयंपाकघरात, या खांद्यासकट, खिडकीतून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी बघत. पन्नाशीला आलेल्या माणसाला परत आत जायची किती भीती वाटते ते तुम्हाला ठाऊक असणार. डोळे जात होते तेव्हा तुम्हालाही वाटत असणार. तेव्हा मला ते दिसलं नाही, मी फक्त माझं बघत होते. आता दिसतं. म्हणून राग कमी होतो असं नाही, पण दिसतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, घडी करून इथल्याच गादीखाली राहील. म्हणून वरची एक ओळ दुरुस्त करून ठेवते. तिघांनाही जमलं नाही असं मी लिहिलं, ते खोटं आहे. तिसरा काल आला होता. पाचोडकडचाच, चाळिशीचा, उसाच्या जोड ट्रॉल्या ओढलेला माणूस. मुलगी बँकेत गेली होती, तुमचा मुलगा झोपला होता. तो आधी उतरून गाडीभोवती फिरला, साखळ्या हलवून बघितल्या, खांबाजवळ जाऊन वर नजर टाकली, मग बसला आणि एका दमात, दोन्ही बाजूंना वीत-वीत जागा ठेवून, खोली प्लॉटमध्ये लावली. मी खोट शोधली, सापडली नाही. "कळवते" म्हणाले. तो नमस्कार करून गेला. तासाभरानं ती आली, चप्पल काढता काढता विचारलं, "काय झालं? जमलं का त्याला?" मी म्हणाले, "हात जड आहे गं त्याचा." तुमचेच शब्द माझ्या तोंडून निघाले, आणि तुम्ही परत लावलेल्या त्या ड्रायव्हरांचे हात कसे असतील ते मला तेव्हा कळलं. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, "बरं" म्हणाली, मोबाईल काढून पायरीवर बसली आणि कंपनीला काहीतरी लिहून पाठवलं. काय लिहिलं ते विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.